पहिलं टायट्रेशन समजून करताना: ब्युरेट, दर्शक आणि हिशेब

बारावीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन बहुतेकांच्या हाताला येतं, डोक्यात मात्र उतरत नाही. ब्युरेट भरायची, नळ सोडायचा, रंग बदलला की रीडिंग लिहायचं, जर्नलमधल्या सूत्रात आकडे टाकायचे. मार्क मिळतात. मग बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात कुणीतरी विचारतं, "ब्युरेट द्रावणाने विसळलीत आणि कॉनिकल फ्लास्क नुसत्या पाण्याने, असं का?" आणि मुलं गप्प होतात. नव्याने लागलेल्या मुलामुलींना हे शिकवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तेच इथे क्रमाने लिहितो.

उदाहरण म्हणून बाजारातल्या व्हिनेगरच्या बाटलीत अ‍ॅसिटिक आम्ल खरंच किती आहे ते काढू. यात जवळजवळ सगळ्या मूळ कल्पना येतात, वस्तू स्वस्त असतात आणि उत्तर बाटलीवरच्या आकड्याशी ताडून बघता येतं.

वाचताना एक प्रश्न सतत जवळ ठेवा: या कृतीने मी मोजत असलेल्या मोलची संख्या बदलते का? (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक.) बदलत असेल तर तिथे काटेकोर राहायचं, नसेल तर निश्चिंत. प्रयोगशाळेतले बहुतेक नियम या एका प्रश्नातून स्वतःचे स्वतः काढता येतात.

१. आधी चार संज्ञा

टायट्रेशन म्हणजे अनुमापन. एका द्रावणाची तीव्रता, म्हणजे लिटरमध्ये किती मोल ते, नेमकी माहीत आहे, दुसऱ्याची काढायची आहे. दोघांची ठरलेल्या प्रमाणात पूर्ण अभिक्रिया होते. माहीत असलेलं द्रावण किती मिली लागलं ते मोजायचं आणि दुसऱ्यात किती मोल होते ते काढायचं.

ज्याची तीव्रता माहीत आहे ते प्रमाण द्रावण, म्हणजे स्टँडर्ड सोल्युशन. अभिक्रियेच्या समीकरणात सांगितलेल्या प्रमाणात दोन्ही पदार्थ नेमके एकत्र येतात तो क्षण म्हणजे सममूल्य बिंदू. आणि दर्शकाचा, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचा, रंग बदललेला तुम्हाला दिसतो तो अंतिम बिंदू, आपला एंड पॉइंट.

शेवटच्या दोन संज्ञांची सर्रास गल्लत होते. सममूल्य बिंदू रसायनशास्त्र ठरवतं, तो डोळ्यांना दिसत नाही. एंड पॉइंट दिसतो, पण तो दर्शकावर आणि तुमच्या नजरेवर अवलंबून असतो. दोघांमधलं अंतर म्हणजे टायट्रेशनची चूक. दर्शक निवडणं, थेंब थेंब सोडणं, फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवणं हा सगळा खटाटोप ते अंतर थेंबाच्या आत आणण्यासाठी असतो.

दर्शक नसेल तरीही टायट्रेशन होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसॅकने १८३२ मध्ये टांकसाळीसाठी चांदीची शुद्धता मोजायची पद्धत दिली, तिच्यात रंग नव्हताच. चांदीच्या द्रावणात मिठाचं द्रावण घालायचं, सिल्व्हर क्लोराइडचा साका खाली बसू द्यायचा, आणि पुढच्या थेंबाने गढूळपणा येईनासा झाला की थांबायचं. संपलं हे कळायला काहीतरी खूण लागते, ती रंगाचीच असावी असं नाही.

२. काय काय लागेल

५० मिलीची ब्युरेट आणि तिचा स्टँड, २५ मिलीची पिपेट, पिपेटसाठी रबरी बल्ब, २५० मिलीचे दोन व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, तीन-चार कॉनिकल फ्लास्क, छोटं फनेल, वॉश बॉटल, पांढरी टाइल, आणि ग्रॅमच्या चौथ्या दशांशापर्यंत वजन दाखवणारा अ‍ॅनॅलिटिकल बॅलन्स. रसायनांत स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फ्थॅलीन, डिस्टिल्ड वॉटर आणि पांढरं व्हिनेगर. तपकिरी व्हिनेगर पहिल्या वेळी नको, त्याच्या रंगात फिकट गुलाबी हरवतो.

बल्बबद्दल जरा ठासून सांगतो. पिपेट तोंडाने ओढायची पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते आणि "आम्ही सगळे असेच शिकलो" असं वर ऐकवलंही जातं. ऐकू नका. सोडियम हायड्रॉक्साइडचा एक घोट अन्ननलिका जाळायला पुरतो. चष्माही घाला, डोळ्यांना अल्क हे आम्लापेक्षा जास्त घातक असतं.

कॉलेजात बहुतेक ठिकाणी १० मिलीची पिपेट देतात. मी २५ मिलीची सुचवतो, कारण ब्युरेटच्या एका वाचनात ०.०५ मिलीचा फरक पडणं स्वाभाविक आहे. १० मिलीच्या रीडिंगमध्ये तेवढा फरक म्हणजे ०.५ टक्के, २५ मिलीमध्ये ०.२ टक्के.

३. ऑक्झॅलिक आम्लाचं प्रमाण द्रावण

सुरुवात सोडियम हायड्रॉक्साइड तोलून का करायची नाही? कारण ते काट्यावर ठेवल्या ठेवल्या हवेतलं पाणी ओढून ओलं होतं आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून त्याचं काही अंशी कार्बोनेट होतं. ४ ग्रॅम तोललं तरी त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किती, हे सांगता येत नाही. म्हणून आधी असा पदार्थ लागतो जो शुद्ध मिळतो, हवेत टिकतो आणि तोललेल्या वजनावरून ज्याचे मोल थेट काढता येतात. हा प्राथमिक प्रमाण पदार्थ. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट या कामाला सर्वांत चांगलं, त्याचं मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅम) २०४.२२ असल्याने तोलण्यातली चूक टक्केवारीत लहान राहते. पण शिकताना ऑक्झॅलिक आम्ल पुरे. त्याच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, ते धरून मोलर वस्तुमान १२६.०७ येतं. पाणी विसरून ९०.०३ धरणं ही जर्नल तपासताना सर्वांत जास्त सापडणारी चूक. आणि हे स्फटिक ओव्हनमध्ये वाळवायचे नाहीत. तापवले की तेच पाणी निघून जातं आणि तुमचा १२६.०७ खोटा पडतो.

२५० मिली ०.०५ मोलर (लिटरला ०.०५ मोल) द्रावणाला १.५७६ ग्रॅम लागतात. इथे नवशिके अर्धा तास घालवतात: काट्यावर नेमके १.५७६० यावेत म्हणून चिमूटभर घाल, चिमूटभर काढ. गरज नाही. १.६ च्या आसपास काहीही येऊ द्या, पण जे आलं ते चारही दशांशांसकट लिहा. समजा १.६०१२ ग्रॅम आले. मोल झाले १.६०१२ भागिले १२६.०७, म्हणजे ०.०१२७०. पाव लिटरमध्ये आहेत म्हणून तीव्रता ०.०५०८ मोलर. गोल आकड्याची हौस कशाला?

तोललेला पदार्थ बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवा, फनेलमधून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. बीकर, काचेची कांडी आणि फनेल दोन-तीनदा पाण्याने विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच जाऊ द्या, त्यात मोल आहेत. शेवटी ड्रॉपरने खुणेपर्यंत पाणी भरा, बूच लावा आणि फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करा. ही उलथापालथ मुलं टाळतात आणि मग पहिल्या पिपेटचं रीडिंग एक, तिसऱ्याचं दुसरंच.

४. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण

साधारण ०.१ मोलर हवं आहे, म्हणून लिटरला ४ ग्रॅम. साध्या काट्यावर तोललं तरी चालेल, कारण तीव्रता आपण नंतर काढणारच आहोत. पाणी आधी उकळून गार केलेलं घ्या, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड गेलेला असतो. भुकटी पाण्यात घालताना द्रावण तापतं, थोडी थोडी घाला. ठेवायला प्लॅस्टिकची बाटली आणि प्लॅस्टिकचंच झाकण. काचेची बाटली, काचेचं बूच असेल तर दोन आठवड्यांनी ते बूच निघत नाही.

५. विसळणं

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात ते इथलं. ब्युरेट पाण्याने धुतली की आत पाण्याचे थेंब राहतात. त्यावर सोडियम हायड्रॉक्साइड भरलं तर ते पातळ होतं, म्हणजे दर मिलीमागचे मोल कमी होतात आणि रीडिंग जास्त येतं. म्हणून ब्युरेट जे भरायचं त्याच द्रावणाच्या पाच-सात मिलीने दोनदा विसळायची, नळातूनही थोडं जाऊ द्यायचं. पिपेटचं तसंच: ऑक्झॅलिक आम्ल उचलायचं असेल तर ऑक्झॅलिक आम्लाने विसळा.

कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. त्यात पाणी उरलं तरी पिपेटने टाकलेले मोल तेवढेच राहतात. द्रावणाने विसळलात तर भिंतींना चिकटलेलं जास्तीचं आम्ल मोजमापात येतं. याच कारणाने टायट्रेशन चालू असताना फ्लास्कच्या भिंतीवर उडालेले थेंब वॉश बॉटलने खाली धुवायला पूर्ण मुभा आहे. नव्या मुलांना हे करताना उगाच अपराधी वाटतं.

पिपेट रिकामी करताना टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवा आणि द्रावण आपोआप उतरू द्या. टोकात शेवटी जो थेंब राहतो तो फुंकून काढायचा नाही. २५ मिलीची खूण तो थेंब वगळूनच केलेली असते.

६. दर्शक कोणता

आम्ल-अल्क टायट्रेशनमधले दर्शक स्वतःच क्षीण आम्लं किंवा अल्कं असतात आणि पीएचच्या (आम्लता-अल्कता दाखवणाऱ्या आकड्याच्या) एका पट्ट्यात रंग बदलतात. फिनॉल्फ्थॅलीन साधारण ८.३ ते १० मध्ये रंगहीनाचं गुलाबी होतं. मिथाइल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये लालाचं पिवळं. यांतला कोणता घ्यायचा, हे पाठ करायचं काम नाही, आकडेमोड करून बघा.

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिली घेतलं आणि त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलात, तर २४.९५ मिलीला पीएच ४.० असतो आणि २५.०५ मिलीला १०.०. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. म्हणजे दोन थेंबांत पीएच ४ वरून १० वर उडी मारतो. या उडीच्या आत फिनॉल्फ्थॅलीनही बसतं आणि मिथाइल ऑरेंजही बहुतांशी बसतं, त्यामुळे तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क असताना दर्शकाची फारशी काळजी नसते. याच सोयीमुळे मुलांना वाटतं, दर्शक कोणताही चालतो.

आता अ‍ॅसिटिक आम्ल घ्या. ते क्षीण आहे. ०.१ मोलर द्रावणाचा पीएच सुरुवातीलाच २.९ च्या आसपास असतो. अर्धं आम्ल उदासीन झालं, म्हणजे १२.५ मिली अल्क गेलं, की पीएच ४.७६ येतो. सममूल्य बिंदूला तो ७ नसून ८.७ असतो, कारण तयार झालेला सोडियम अ‍ॅसिटेट स्वतः किंचित अल्कधर्मी आहे. ८.७ फिनॉल्फ्थॅलीनच्या पट्ट्यात बसतो. मिथाइल ऑरेंज वापरलंत तर? पीएच ४.४ ला ते पूर्ण पिवळं झालेलं असतं आणि तोवर जेमतेम ७.६ मिली अल्क गेलेलं असतं. लागायला हवेत २५ मिली. व्हिनेगरमध्ये आम्ल एक तृतीयांशच आहे असं उत्तर तुम्ही काढाल. शिवाय रंग झटकन न बदलता नारिंगीच्या छटांतून रेंगाळत जाईल. रंग रेंगाळायला लागला की हात थांबवा आणि दर्शक चुकला का ते पाहा.

उलट बाजूला, अमोनियासारखं क्षीण अल्क आणि तीव्र आम्ल असेल तर सममूल्य बिंदू आम्लाच्या बाजूला सरकतो. तिथे मिथाइल रेड किंवा मिथाइल ऑरेंज, फिनॉल्फ्थॅलीन नाही. दोन्ही क्षीण असतील तर उडीच उरत नाही. असं टायट्रेशन रंगदर्शकाने करायच्या भानगडीत पडू नका.

दर्शक दोन थेंब पुरे. रंग नीट दिसावा म्हणून दहा थेंब टाकणारे भेटतात. दर्शक स्वतः क्षीण आम्ल असल्याने तोही अल्क खातो, म्हणजे इथेही प्रश्न मोलचाच.

७. प्रत्यक्ष टायट्रेशन

ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये पिपेटने टाकलेलं २५ मिली ऑक्झॅलिक आम्ल आणि दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन. आधी नळाखालचा हवेचा बुडबुडा काढा. नळ क्षणभर पूर्ण उघडला की तो सुटतो. बुडबुडा मध्येच निघाला तर ती जागा द्रावणाने भरते आणि तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच रीडिंगमध्ये मोजलं जातं. मग ब्युरेटवरचं फनेल काढून ठेवा, त्यातून ऐन वेळी एखादा थेंब ओघळतो.

वाचन करताना डोळे द्रावणाच्या पातळीत हवेत. वरून पाहिलं तर एक आकडा, खालून पाहिलं तर दुसरा. रंगहीन द्रावणाचा वक्र पृष्ठभाग जिथे सर्वांत खाली टेकतो तिथे वाचायचं, मागे काळी पट्टी काढलेला कागद धरला की कड स्पष्ट दिसते. ब्युरेटवर खुणा ०.१ मिलीच्या असतात. दोन खुणांच्या मधला अंदाज घेऊन ०.०५ पर्यंत लिहा. "२६" असं लिहू नका, "२६.००" लिहा. सुरुवात शून्यावरूनच हवी असा हट्टही नको, ०.३५ वरून सुरू केलंत तर ०.३५ लिहा आणि शेवटी वजा करा.

पहिली फेरी पायलट रीडिंगची. भराभर सोडायचं आणि रंग साधारण कुठे येतो ते पाहायचं, २६ आणि २७ च्या मध्ये आला एवढं कळलं तरी पुष्कळ. पुढच्या फेऱ्यांत २५ मिलीपर्यंत बिनधास्त जायचं, मग थेंब थेंब. उजवा हात फ्लास्क गोल फिरवत राहतो, डावा नळावर. थेंब पडला त्या जागी गुलाबी दिसून विरायला वेळ लागू लागला की शेवट जवळ आला. आता अर्धा थेंबही सोडता येतो: टोकाला लोंबू द्यायचा, फ्लास्कच्या भिंतीला टेकवायचा, वॉश बॉटलने खाली धुवायचा.

पूर्ण द्रावण फिकट गुलाबी झालं आणि अर्धा मिनिट टिकलं की थांबा. फिकट म्हणजे खरंच फिकट, पांढऱ्या टाइलवर जेमतेम कळेल असं. सुरेख गडद राणी रंग आला तर पुढे गेलात. पाच मिनिटांनी रंग उडालेला दिसेल आणि आणखी थेंब टाकायचा मोह होईल. टाकू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळला आहे, तुमचं टायट्रेशन केव्हाच संपलंय.

दोन-तीन रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळली की तो आपला सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग), म्हणजे जर्नलच्या तक्त्यात शेवटी लिहायचं जुळलेलं रीडिंग. जुळवून घेतलेला सीबीआर एक्सटर्नलला लांबून ओळखू येतो, कारण तिन्ही रकान्यांत हुबेहूब एकच आकडा असतो. खऱ्या हाताची रीडिंग २६.४०, २६.४५, २६.४० अशी असतात.

यानंतर व्हिनेगर. बाटलीवर बहुधा ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ०.६७ मोलर. तसंच घेतलं तर २५ मिलीला ब्युरेट तीनदा भरूनही पुरणार नाही. २५ मिली व्हिनेगर पिपेटने २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या, खुणेपर्यंत पाणी घाला, नीट हलवा आणि या दहापट पातळ द्रावणाचे २५ मिली टायट्रेट करा. पिपेट मात्र मूळ व्हिनेगर घेण्याआधी व्हिनेगरने आणि पातळ द्रावण उचलण्याआधी त्या पातळ द्रावणाने विसळलेली हवी.

८. हिशेब

समजा ऑक्झॅलिक आम्लाचा सीबीआर २६.४० मिली आला.

ऑक्झॅलिक आम्ल: २५ मिली × ०.०५०८ = १.२७ मिलिमोल. याच्या एका रेणूत दोन हायड्रोजन सोडण्याजोगे आहेत, म्हणून त्याला सोडियम हायड्रॉक्साइड दुप्पट लागतं, २.५४ मिलिमोल. हे २६.४० मिलीत होते. सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता २.५४ भागिले २६.४० = ०.०९६२ मोलर.

ही दुपटीची पायरी गाळली जाते. एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू (मोलर तीव्रता गुणिले आकारमान) हे सूत्र इतकं तोंडात बसलेलं असतं की ते कुठेही लावलं जातं. अभिक्रिया एकास एक असेल तरच ते खरं. इथे तसंच लावलं तर ०.०४८१ येतं, बरोबर निम्मं, आणि पुढचं व्हिनेगरही निम्मं निघतं. नॉर्मॅलिटीत, म्हणजे सोडण्याजोगे हायड्रोजन धरून काढलेल्या तीव्रतेत, हिशेब केला तर दोनाचा गुणक तीव्रतेतच शिरलेला असतो, त्यामुळे एन-वन व्ही-वन सरसकट चालतं. कारखान्यांच्या प्रयोगशाळांत जुन्या लोकांना नॉर्मॅलिटी प्रिय आहे ती यासाठी. तुम्हाला दोन्ही यायला हवं. पण शिकताना सूत्र बाजूला ठेवून मिलिमोल मांडत जा, चूक लगेच दिसते.

व्हिनेगरचा सीबीआर १७.४० मिली आला असं धरू. १७.४० × ०.०९६२ = १.६७४ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड. अ‍ॅसिटिक आम्लाशी प्रमाण एकास एक, म्हणून तेवढंच आम्ल २५ मिली पातळ द्रावणात होतं. तीव्रता ०.०६७० मोलर, मूळ व्हिनेगरची दहापट, ०.६७० मोलर. अ‍ॅसिटिक आम्लाचं मोलर वस्तुमान ६०.०५, म्हणजे लिटरला ४०.२ ग्रॅम, १०० मिलीला ४.०२ ग्रॅम. बाटलीवरचे ४ टक्के खरे निघाले.

एक बारकावा: फिनॉल्फ्थॅलीनला अ‍ॅसिटिक आम्ल कोणतं आणि दुसरं कोणतं हे ओळखता येत नाही. व्हिनेगरमध्ये दुसरं आम्ल मिसळलेलं असेल तर तेही याच आकड्यात येतं. म्हणून अहवालात "एकूण आम्लता, अ‍ॅसिटिक आम्ल म्हणून" असं लिहितात.

९. परमँगनेट आलं की काय बदलतं

प्रॅक्टिकलच्या यादीत याच्या शेजारीच पोटॅशियम परमँगनेट असतं. ही ऑक्सिडीकरण-क्षपणाची अभिक्रिया. परमँगनेटने लोह मोजायची पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्गेरितने १८४६ मध्ये मांडली आणि ती अजून टिकून आहे. दर्शक लागत नाही. जांभळं परमँगनेट फ्लास्कमध्ये पडून रंगहीन होत जातं आणि जो थेंब उरतो तो स्वतःच फिकट गुलाबी दाखवतो.

ऑक्झॅलिक आम्लाशी प्रमाण २ मोल परमँगनेटला ५ मोल ऑक्झॅलिक आम्ल असं आहे. त्यामुळे २५ मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाला ०.०२ मोलर परमँगनेट बरोबर २५ मिली लागतं.

आम्ल म्हणून विरल सल्फ्युरिकच घालायचं. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्याच्यातल्या क्लोराइडचा क्लोरीन करतं आणि जास्त खर्च होतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने ऑक्झॅलिक आम्लाचा काही भाग तेच खाऊन टाकू शकतं. विरल करताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही. आम्ल कमी पडलं तर फ्लास्कमध्ये मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. तो दिसला की ती फेरी फेकून द्या, सुधारत बसू नका.

फ्लास्क ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घ्यायचा, उकळू द्यायचा नाही, उकळलं तर ऑक्झॅलिक आम्लाचं विघटन होतं. तापवूनसुद्धा पहिले काही थेंब विरायला वेळ लावतात आणि नवशिक्याला वाटतं एंड पॉइंट आला. थांबा, हलवा. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयन पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात, म्हणून थोड्या वेळाने रंग भराभर जायला लागतो. कपाटात मोर्स सॉल्ट, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट असेल आणि ते टायट्रेट करायचं असेल तर तापवायचं नाही. तापवलं की हवेनेच फेरसचं फेरिक व्हायला लागतं.

परमँगनेटच्या ब्युरेटला काचेचा किंवा टेफ्लॉनचा नळ हवा, रबरी नळी आणि चिमटा चालत नाही, रबर झिजतं. द्रावण इतकं गडद असतं की खालची कड दिसतच नाही, म्हणून वरची कड वाचा. सुरुवातीला वरची वाचली तर शेवटीही वरचीच. आणि परमँगनेट प्राथमिक प्रमाण पदार्थ नाही. त्यात मँगनीज डायऑक्साइडचा अंश असतो आणि पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याने ते हळूहळू क्षीण होत जातं. तपकिरी बाटलीत ठेवा आणि वापराच्या दिवशी पुन्हा प्रमाणित करा.

१०. पुढे काय काय भेटेल

पाण्याचा कठीणपणा ईडीटीए या रसायनाने टायट्रेट करून काढतात. पीएच १० चा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकायचा, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा कॅल्शियम कार्बोनेट म्हणून लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. गावच्या बोअरचं पाणी घेऊन हे करून बघा, व्हिनेगरनंतरचा तोच उत्तम धडा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत क्षपणकारी शर्करा लेन-आयनॉन पद्धतीने मोजतात, तिथे उकळत्या फेहलिंग द्रावणात मिथिलीन ब्लूचा निळा रंग जातो तो एंड पॉइंट. औषध कंपन्यांत ओलाव्यासाठी कार्ल फिशर टायट्रेशन आणि बाकी बऱ्याच कामांना ऑटोटायट्रेटर. यंत्र रंगाऐवजी विद्युतविभव वाचतं आणि उडी कुठे आली ते छापून देतं. पण द्रावण प्रमाणित नसेल किंवा नळीत बुडबुडा असेल तर तेही चुकीचाच आकडा चार दशांशांत देतं.

पदार्थ पाण्यात विरघळत नसेल, उदाहरणार्थ अंड्याचं कवच किंवा चुनखडी, तर उलट टायट्रेशन करतात. मोजून जास्तीचं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, कवच विरघळू द्यायचं आणि उरलेलं आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं. घातलेल्यातून उरलेलं वजा केलं की खर्च झालेलं मिळतं.

११. आवरताना

सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये रात्रभर ठेवू नका, काचेचा नळ जाम होतो. ओतून टाका, पाण्याने तीनदा, मग एकदा अगदी विरल आम्लाने आणि पुन्हा पाण्याने धुवा, नळ उघडा ठेवून ब्युरेट स्टँडला उलटी लावा. पिपेट कधीही ओव्हनमध्ये वाळवायची नाही, तापवलेल्या काचेचं माप भरवशाचं राहत नाही. परमँगनेटचे तपकिरी डाग ब्रशने घासून जात नाहीत. फ्लास्कमध्ये उरलेलं ऑक्झॅलिक आम्ल आणि थोडं विरल सल्फ्युरिक टाकून कोमट करा, मिनिटभरात काच स्वच्छ होते. बोटांवरचे डाग मात्र चार-पाच दिवस राहतात, त्यांच्यासाठी हातमोजे आधीच घाला.